बाजरीच्या गावात भातखाऊ

चिपळूण तालुक्यातून नगरला लग्न होऊन आलेल्या मुलीची सासूशी ओळख व्हायला महिना लागतो. बाजरीशी पहिल्याच संध्याकाळी होते. राखाडी रंगाची, जाडजूड, ताटाच्या काठापर्यंत पोचलेली ती भाकरी समोर आली तेव्हा मी आधी भात कुठे आहे ते शोधलं. माहेरी दोन्ही वेळेला भात, सकाळी पेज, आणि भाकरी म्हणजे तांदळाची पांढरी किंवा नाचणीची. इथं भात वाटीभर, तोही शेवटी, पाहुणे असले तर. ‘पोरीला भात लागतो’ हे सासूबाई शेजारणींना एखादा आजार सांगावा तशा हळू आवाजात सांगायच्या.

पुढे नगरच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, सावेडीत घर झालं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडातून मात्र अजून नगरच निघतं. बाजरी कधी आवडायला लागली ते आठवत नाही. पण ती इथं का आहे आणि भात का नाही, हे मात्र कळलं ते हिवरे बाजारच्या एका स्वयंपाकघरात. तोवर मीही इतरांसारखीच समजत होते की कोकणातल्या लोकांना भात आवडतो, देशावरच्यांना भाकरी आवडते, ज्याची त्याची चव. आता माझं म्हणणं असं आहे की विहिरीत मार्च महिन्यात किती पाणी उरतं त्यावर माणसाचं ताट ठरतं. आवड मागून येते, आणि पुरेशी जुनी झाली की तिला आपण संस्कृती म्हणतो.

हिवरे बाजार नगर शहराच्या पश्चिमेला, सतरा-अठरा किलोमीटरवर. तालुका नगर, पण पारनेरची हद्द जवळच. शाळेच्या सहलींमुळे माझं तिथं जाणं सुरू झालं आणि नंतर माझी एक विद्यार्थिनी त्या गावात सून म्हणून गेली, त्यामुळे ते टिकलं. गावात बाहेरच्या माणसांचं कुणाला नवल नाही. देशभरातून अधिकारी, सरपंच, शेतकरी, कॉलेजची पोरं येतात, परदेशीही येतात. सगळ्यांचा फेरा ठरलेला: डोंगरावरचे समपातळी चर, नाल्यावरचे बंधारे, घरांवरच्या पाट्या, ग्रामपंचायत, मग गटाचा फोटो. मी बहुधा त्या वेळी चुलीपाशी असते. मला वाटतं गावाचा खरा हिशेब तिथं लवकर दिसतो.

आधी गावाची गोष्ट थोडक्यात, कारण ती आता पाठ्यपुस्तकापर्यंत पोचलेली आहे. सह्याद्री ओलांडून आलेले ढग इथपर्यंत येताना रिकामे झालेले असतात. गावाचा पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळाने गाव मोडलं. विहिरी आटल्या, जळणासाठी डोंगर बोडके झाले, माणसं मजुरीला नगर-पुणे-मुंबईकडे गेली आणि जी राहिली त्यांच्यात दारूचे गुत्ते फोफावले. १९८९ साली पोपटराव पवार नावाचा एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण बिनविरोध सरपंच झाला. बावीस गुत्ते बंद झाले, शाळा उभी राहिली, वनखात्याबरोबर डोंगराचं काम झालं, पुढे आदर्श गाव योजना आली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही पंचसूत्री गावाने ठराव म्हणून नुसती भिंतीवर लिहिली नाही, पाळली. शेतीसाठी बोअरवेल बंद. ऊस आणि केळी बंद. गेलेली कुटुंबं परत आली. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

१९७२ माझ्या सासूबाईंच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं, आणि त्यांच्या गोष्टीत पावसापेक्षा जेवणच जास्त असायचं. रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाणाऱ्यांना सुकडी हा कोरडा खाऊ मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. सासूबाई म्हणायच्या, ‘‘दुष्काळ म्हंजे काय, तर दुसऱ्याचं धान्य आपल्या तव्यावर.’’ लोकांना काम द्यायला महाराष्ट्राने त्याच सुमाराला रोजगार हमी सुरू केली आणि तीच कल्पना पुढे देशभर गेली. त्या पिढीच्या बायकांना आजही कुणी पानात भाकरीचा तुकडा टाकून उठलेलं चालत नाही. माझ्या घरी आलेल्या कोकणातल्या भाच्यांना हे कळत नाही; ते आजीला कंजूष समजतात.

आता हिशेबाकडे. हिवरे बाजारात दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. हे ऐकायला सरकारी वाटतं, पण गणित चौथीच्या मुलाला जमेल असं आहे. मी वर्गात घ्यायचे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी पडतं. गावाचं क्षेत्र सुमारे ९७५ हेक्टर. म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ एक कोटी लिटर. चारशे मिलिमीटरला चारशे कोटींच्या आतबाहेर. आकडा ऐकून पोरं ‘बापरे’ म्हणायची. मग वजाबाकी सुरू: यातलं काही वाफ होऊन जातं, काही वाहून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं, काही खाली झिरपून विहिरींना येतं. गावात पर्जन्यमापक आहेत, ठरलेल्या विहिरींची पातळी मोजतात, आणि हाती आलेला आकडा ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचला जातो. मग वाटणी. आधी माणसांचं पिणं आणि वापर, मग जनावरं, आणि उरलं त्यातून शेती. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीत कोणतं पीक घ्यायचं आणि कोणतं घ्यायचं नाही, हेही तिथंच ठरतं.

म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या घरी फेब्रुवारीत काय शिजणार, याचा बराचसा निकाल ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लागलेला असतो. कोकणातल्या बाईला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे काय शिजणार हे बाजारात कोणती मासळी आली त्यावर ठरायचं, आणि ते ठरवायला ग्रामसभा लागत नसे, आजी पुरे.

बाजरी या हिशेबात बसते म्हणून इथं आहे. जूनमध्ये पेरली की तीन महिन्यांत हाती येते आणि साडेतीनशे-चारशे मिलिमीटरमध्ये भागवून घेते. उसाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी लागतं आणि तो वर्ष-दीड वर्ष रान अडवून बसतो. बाजरी निघाली की रब्बीची ज्वारी, ती पावसावर कमी आणि काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर जास्त वाढते. त्यामुळे थंडीत उष्ण म्हणून बाजरी, उन्हाळ्यात थंड म्हणून ज्वारी, असं जे आपण वैद्यकीय सुरात सांगतो, त्यात कोणतं धान्य कणगीत कधी येतं याचाही भाग आहे. शिवाय पीक निवडताना बाई दाण्याइतकंच ताटाकडे, म्हणजे चाऱ्याकडे बघते. ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमाड. माणसाचं पोट भरलं आणि गाय उपाशी राहिली तर दुधाचे पैसे कुठून येणार?

आणि दूध हा इथल्या स्वयंपाकघरातला सर्वांत मोठा बदल आहे. चराईबंदी झाली, म्हणजे डोंगरावर जनावर सोडायचं नाही, पण गवत कापून आणायला परवानगी. गवत वाढलं, २००० साली शंभर टन निघत होतं, २००४ पर्यंत सहा हजार टनांवर गेलं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला गावाचं दूध दिवसाला दीडशे लिटर होतं, ते पुढे चार हजार लिटरपर्यंत गेलं. बहुतेक दूध डेअरीला जातं हे खरं, पण ज्या घरातून डेअरीला जातं त्या घरात ताक-दही राहतंच. कोरडी भाकरी आणि ठेचा हे जुनं जेवण, त्यात लोण्याचा गोळा आला. कुऱ्हाडबंदीनेही चूल बदलली. झाड तोडायचं नाही म्हटल्यावर जळण शोधावं लागलं, शेण वाढलं तसा गोबरगॅस आला, मग सिलिंडर. विद्यार्थिनीची सासू मात्र भाकरीपुरती चूल पेटवतेच. गॅसवर भाकरी ‘‘नुसती भाजती, शेकत नाही,’’ हे तिचं मत, आणि मी त्याच्याशी सहमत आहे.

भाकरी हा विषय मी जरा लांबवणार आहे. गव्हाच्या पिठात चिकटपणा धरणारं प्रथिन असतं, म्हणून पोळी लाटता येते. बाजरीत ते नसतं. थंड पाण्यात मळली तर कडा फुटतात, उचलताना तुकडे होतात. म्हणून पाणी कडकडीत घालायचं. पिठातला स्टार्च त्या उष्णतेने फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. मग तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचं, कारण मळलेलं पीठ थांबत नाही. परातीत थापायची, तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवायची, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी हारावर फुगवायची. पापुद्रा सुटला की जमली. पीठही जास्त दळून ठेवायचं नाही. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, तो पीठ झाल्यावर लवकर खवट होतो. विद्यार्थिनीची सासू सांगते, ‘‘आठवड्याच्या वर गेलं की कडू मारतं, बाई. मग गिरणीला शिव्या देत्यात.’’

गंमत अशी की माझ्या आईची तांदळाची भाकरी हाच प्रश्न असाच सोडवायची. तांदळातही चिकटा नाही. ती आधणात पीठ घालून उकड काढायची, गरम असतानाच मळायची. विद्यार्थिनीकडे चुलीजवळ बसून मी हे एकदा सांगितलं तर सासू आणि सून दोघी थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. ‘‘म्हंजे तुमच्याकडं पण गरम पाणीच?’’ त्यानंतर त्या घरात माझ्या माहेराबद्दलचा आदर थोडा वाढला. तोवर कोकण म्हणजे आंबे आणि मासे, आणि भाकरी न येणाऱ्या बायका, असा समज असावा.

पाहुण्याला वाढण्याची रीत मात्र दोन्हीकडे जमीन-अस्मानाची. चिपळूणकडे ‘वाढू का थोडं?’ असं विचारतात आणि तुम्ही नको म्हणालात तर ते खरं धरतात. इकडे विचारत नाहीत. हात आडवा धरला तर हाताच्या वरून वाढतात. आमटीत भाकरी कुस्करून काला करायचा, कांदा बुक्कीने फोडायचा, आणि बोलत बोलत खायचं. माझा भाऊ पहिल्यांदा इकडे जेवायला बसला तेव्हा मासवड्यांच्या नावानेच बिचकला. शनिवार होता, त्याचा शाकाहाराचा दिवस. बेसनाच्या शिजवलेल्या पारीत तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर भरून वळकटी करायची, तिच्या वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्श्यात बुडवून खायच्या. मांसाचा त्यात पत्ता नाही. नगर, पारनेर, जुन्नर या पट्ट्यात पाहुणा आला की हा पदार्थ होतो. भावाने शंका फिटल्यावर किती खाल्ल्या ते इथं लिहीत नाही.

मला स्वतःला मासवडीपेक्षा शेंगोळी जास्त जवळची, त्याला कारण आहे. हुलग्याचं पीठ, त्यात लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, मीठ, हळद. घट्ट मळून हातावर बारीक वळ्या करायच्या आणि टोकं जोडून त्यांची कडी करायची. पातेल्यात लसणाची फोडणी, पाणी उकळलं की कडी सोडायची. त्यांचं थोडं पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. एक भांडं, एक ताट, जेवण झालं. घासायला भांडी कमी, म्हणजे पाणीही कमी. हाच हुलगा आमच्याकडे कुळीथ. त्याची पिठी करतात: फोडणीच्या पाण्यात पीठ कालवून सोडायचं, आमसूल टाकायचं, आणि वाफाळत्या भातावर ओतायची. आषाढात मासेमारी बंद, भाजी नाही, बाहेर धो धो पाऊस, तेव्हा कुळीथ. इकडे पावसाने दडी मारली, भाजी नाही, तेव्हा हुलगा. एकीकडे पाणी जास्त झालं म्हणून, दुसरीकडे नाही म्हणून; अडचणीला धावून येणारं कडधान्य एकच.

आणि या ताटात तो पिढीजात इथला. हुलगा भारतातला. बाजरी मात्र पश्चिम आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसाने पिकवायला घेतली आणि काही शतकांत इकडे पोचली. ज्वारीही आफ्रिकेचीच. ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातले, सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं आल्यानंतरचे. याचा अर्थ ज्ञानेश्वरांच्या काळात नेवाशात ठेचा नव्हता. मी हे सांगते तेव्हा लोकांना राग येतो, पण त्यांनी मिरीवर भागवलं असणार, त्याला इलाज नाही. मालीमध्ये आणि बुर्किना फासोत आजही बाजरी-ज्वारीच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं ‘तो’ हे रोजचं जेवण आहे, वर भेंडीचा किंवा पाल्याचा रस्सा. आपला बाजरीचा घाटा त्याचा चुलतभाऊ शोभेल. तिथला पाऊसही हिवरे बाजारासारखाच, तीन-चार महिन्यांत येऊन जाणारा. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेव्हा शहरातल्या दुकानांत बाजरीची बिस्किटं आली. गावातल्या बायकांना त्या पुड्यांची किंमत सांगितली तर हसू आवरेना.

आता एक गोष्ट मला गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात खटकते, आणि ती मी गावातही बोलून दाखवली आहे. गाव काय पिकवतं याचा हिशेब होतो. गाव काय खातं याचा होत नाही. रेशनवर गहू-तांदूळ येतो, तो कुठल्या तरी कालव्याच्या नाहीतर ट्यूबवेलच्या पाण्यावर पिकलेला. मुलांना डब्यात पोळी हवी असते. आणि चहा! नगरी चहा म्हणजे साखरेचा पाक. गावाने ऊस लावायचा नाही म्हणून ठरवलं, साखर मात्र चमच्याने पडते. ती बहुतेक याच जिल्ह्याच्या उत्तरेकडची. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० च्या सुमाराला सहकारी साखर कारखाना उभारला, भंडारदऱ्याचं पाणी कालव्यांनी त्याआधीच तिकडे पोचलं होतं, आणि एकाच जिल्ह्यात दोन खाद्यसंस्कृती झाल्या. उत्तरेला गव्हाची पोळी, उसाचा पैसा, मोठी लग्नं. दक्षिणेला बाजरी आणि ऊसतोडीला जाणारे पाथर्डी-शेवगावचे मजूर. राहुरीकडची सून पारनेरात आली तर तिलाही माझ्यासारखं भाकरीचं वळण लावून घ्यावं लागतं. तिला घाट चढावा लागत नाही, एवढाच फरक.

भावाला मी पाण्याचं हे सगळं गणित समजावलं. त्याने तिथंच हिशेब केला, की आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे आपण आठपट श्रीमंत. मग तो गप्प झाला. कारण चिपळूण आणि खेड तालुक्यांतल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात, दर उन्हाळ्यात. जांभ्या खडकातून पाणी झिरपून जातं, उतार तीव्र, नद्या आखूड, आणि चार महिन्यांचा सगळा पाऊस दाभोळच्या खाडीतून समुद्रात. आठपट पावसाचं गाव मेमध्ये हंडे घेऊन रांगेत, आणि चारशे मिलिमीटरचं गाव आपल्या विहिरीचं पाणी पिणारं. कोकणाला हिवरे बाजारचे चर जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. खडक वेगळा, उतार वेगळा. पण मोजायला काय हरकत आहे? भावाने वाडीत पर्जन्यमापक बसवायचं काढलं, तर पहिला प्रश्न आला, ‘‘पाऊस मोजून काय करायचा? तो पडतोच आहे ना!’’

हिवरे बाजारला जायचं असेल तर भोगीच्या दिवशी जावं, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पावटा-हरभरा-गाजर-वांगं-बोरं घातलेली मिसळीची भाजी आणि वर लोणी. थंडी असते, बाजरी ताजी असते, रानात हुरडा असतो. गावात हॉटेलं शोधू नयेत, आधी ग्रामपंचायतीला कळवून जावं. आणि साखरेचा तो मुद्दा काढायचा मोह झाला तरी माझ्या विद्यार्थिनीच्या सासूसमोर काढू नये. मी काढला. तिने पातेल्यातला चहा गाळता गाळता ऐकून घेतलं, डबा बंद केला आणि म्हणाली, ‘‘बरं मग. बाईंना बिनसाखरेचा द्या गं.’’

मी तो प्यायले. दूध चांगलं होतं.